जर्नीचं 'फेथफुली': नॅपकिनची गोष्ट खरी आहे, पण तुमचं गाणं पडतंय त्याचं कारण वेगळं

तुझ्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत म्हणून आधी मला काय समजलं ते लिहितो. तुम्ही पाच जण, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, फेस्टमध्ये जर्नी या अमेरिकन रॉक बँडचं 'फेथफुली' करणार आहात. पहिलं, तू वाचलंस की हे गाणं टूरच्या बसमध्ये पेपर नॅपकिनवर लिहिलं आणि अर्ध्या तासात झालं, ते खरं का. दुसरं, ज्या बायकोसाठी लिहिलं तिच्याशी पुढे घटस्फोट झाला, मग तुमचा गायक म्हणतो की हे आता मनापासून गायचं कसं. आणि तिसरं, जे तू शेवटी एका ओळीत लिहिलंयस, की स्वर बरोबर, कॉर्ड बरोबर, तरी दुसऱ्या कडव्यापासून ऐकणारे मोबाईल बघायला लागतात. माझ्या मते खरा प्रश्न हा तिसराच आहे आणि त्याचं उत्तर पहिल्या दोघांतून निघतं, म्हणून त्याच क्रमाने जातो. वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, चालेल ना.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. सव्वीस वर्षं कीबोर्ड वाजवतोय, सुरुवात पुण्यात ऑर्केस्ट्रात, मग मुंबईत हॉटेलांमध्ये, मधली सात वर्षं क्रूझ शिपवर, आणि आता नव्या मुलांचे बँड बसवून देतो. शिपवर हे गाणं आठवड्यातून चार-पाच वेळा तरी वाजायचंच, त्यामुळे किती वेळा वाजवलं ते मोजलेलं नाही पण हाताला पाठ आहे.

आता गोष्ट. गाणं एकट्या जोनाथन केनचं, शब्द आणि चाल दोन्ही. हा जर्नीचा कीबोर्ड प्लेयर, शिकागोचा, १९८० मध्ये ग्रेग रोली बाहेर पडल्यावर त्याच्या जागी आला. जर्नी मुळात १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सांताना या बँडमधून बाहेर पडलेल्या लोकांनी काढलेला बँड, सुरुवातीला बरंचसं जॅझ-रॉक वाजवणारा, १९७७ मध्ये स्टीव्ह पेरी गायला आला आणि मग गाण्यांना चाल, गळा, कोरस असं सगळं आलं. केन आला आणि त्यात पियानो आणि साध्या माणसाचे शब्द आले. बस न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्जकडे चालली होती, याच्या डोक्यात ओळी आल्या, हाताशी पेपर नॅपकिन होता त्यावर लिहायला घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात गाणं पूर्ण झालं असं तो स्वतःच सांगत आलाय. इतक्या पटकन दुसरं कुठलं गाणं आपल्याला सुचलं नाही असंही तो म्हणतो. तेव्हा नॅपकिन खरं, अर्धा तासही खरं.

पण त्या अर्ध्या तासामागे काय होतं तेही बघ, कारण तुम्हा मुलांना अशा गोष्टी ऐकून वाटतं की सुचलं की झालं. केन जर्नीत येण्याआधी द बेबीज नावाच्या बँडमध्ये होता, तिथे त्याने एका संथ गाण्याची चाल नेली होती, तिथल्या गायकाला म्हणजे जॉन वेटला ती फार गोग्गोड वाटली आणि त्याने नाही म्हटलं. केनने ती चाल जपून ठेवली, जर्नीत आल्यावर पेरीबरोबर बसून पूर्ण केली, गिटारिस्ट नील शॉनला तीही फारशी पसंत नव्हती, आणि तेच 'ओपन आर्म्स' १९८२ मध्ये अमेरिकेत सहा आठवडे दुसऱ्या नंबरवर बसून राहिलं. म्हणजे बसमध्ये नॅपकिन हातात घेणारा माणूस एकदा नकार पचवून आणि एकदा जिंकून आलेला होता, पेरीचा गळा कुठे खुलतो हे त्याला माहीत होतं, हळू गाणं लोक ऐकून घेतात हेही माहीत होतं. ही तयारी झालेली असते म्हणून अर्धा तास पुरतो.

'फेथफुली' १९८३ च्या 'फ्रंटियर्स' अल्बममध्ये आलं, एप्रिलमध्ये सिंगल म्हणून निघालं आणि अमेरिकेच्या यादीत बाराव्या नंबरपर्यंत गेलं. म्हणजे त्या वेळी 'ओपन आर्म्स' एवढंही चाललं नाही. तरी आज चाळीसहून जास्त वर्षांनी लग्नांत, जहाजांवर, कराओकेत हेच मागतात. याचं कारण मला गाण्याच्या विषयात दिसतं. शब्द नीट वाच (इथे देत नाही, तुझ्याकडे आहेतच). पहिल्या कडव्यात रस्ता आहे, रात्रीचा प्रवास आहे, चाकं फिरतायत, एकटं झोपणं आहे, तारेवरून म्हणजे टेलिफोनवरून प्रेम पाठवणं आहे. लोक म्हणतात असल्या धंद्यात संसार होत नाही, हेही त्यात आहे. दुसऱ्या कडव्यात सर्कस, तंबू, विदूषक. आपल्याकडे तमाशाच्या फडातल्या माणसाला विचार, सर्कस का म्हटलंय ते एका क्षणात कळेल त्याला, आज इथे राहुटी, उद्या सकाळी गाडी भरायची, आणि काहीही झालं तरी रात्री रंगून उभं राहायचं. 'तू किती सुंदर' वगैरे त्यात जवळजवळ नाहीच. हे बाहेरगावी कामाला गेलेल्या माणसाचं घरी लिहिलेलं पत्र आहे. हे एवढं डोक्यात ठेव, पुढचं सगळं यावरच आहे.

मला हे वाजवताना कळलं, वाचून नाही. पहिल्या काँट्रॅक्टला आठ महिने होतो, तेव्हा जहाजावरून घरी बोलायचं म्हणजे कार्ड विकत घ्यायचं, त्यात मोजकी मिनिटं मिळायची, आणि बोलताना आवाज उशिरा पोचायचा त्यामुळे दोघंही एकदमच बोलायचो आणि दोघंही एकदमच थांबायचो. मुलगी झाली ती बातमी मला अशीच कळली, आणि त्या रात्री सेट होता. आमचा गायक मनिलाचा होता, त्याची दोन मुलं घरी. त्याने मला काही न विचारता त्या रात्री हेच गाणं आधी घेतलं. तो हे कधीच जोरात गायचा नाही, पहिलं कडवं तर बोलल्यासारखं, समोर कोणी बसलंय आणि त्याला सांगतोय असं. आणि दरवेळी टेबलावरचे लोक गप्प व्हायचे. किचनमधली, हाउसकीपिंगमधली क्रूची मुलं दारात येऊन उभी राहायची, फिलिपिन्सची, गोव्याची, आपल्या कोकणातली. त्यांना कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं गाणं कशाबद्दल आहे. पुढे २००७ मध्ये जर्नीला नवा गायक हवा होता आणि नील शॉनने यूट्यूबवर व्हिडिओ बघून मनिलाच्या कव्हर बँडमध्ये गाणाऱ्या आर्नेल पिनेडाला शोधून काढलं, ती बातमी जहाजावर आली तेव्हा आमच्या क्रू बारमध्ये जो आनंद झाला तो मी विसरणार नाही.

आता तुझ्या गायकाचा प्रश्न. हो, केनने हे त्याच्या तेव्हाच्या बायकोसाठी लिहिलं आणि ते लग्न पुढे टिकलं नाही. त्यामुळे गाणं खोटं ठरतं का? मला तसं अजिबात वाटत नाही. पत्र ज्या रात्री लिहिलं त्या रात्री खरं होतं. आणि गाण्यात भीती आधीपासूनच आहे, या धंद्यात संसार टिकत नाही असं लोक म्हणतात हे वाक्य त्याने स्वतःच घातलंय, दूर राहणं सोपं नाही हे स्वतःच कबूल केलंय, दरवेळी घरी आल्यावर दोन अनोळखी माणसांसारखं परत ओळख करून घ्यावी लागते हेही लिहिलंय. ज्याला सगळं ठीक होणारच आहे असं वाटतं तो माणूस 'मी कायम तुझाच' असं वचन देत बसत नाही, गरजच पडत नाही त्याला. पुढे काय झालं ते माहीत असल्यामुळे मला तरी हे गाणं जास्तच लागतं.

आणि तुझ्या गायकाला हेही सांग की ज्याने हे गाऊन अजरामर केलं तो स्टीव्ह पेरी, त्याचं तेव्हा लग्नच झालेलं नव्हतं. नवरा केन होता, तो पियानोवर बसला होता, त्याच्या घरातली गोष्ट दुसराच माणूस गात होता. म्हणजे अनुभव स्वतःचाच पाहिजे असं नाही, पत्र वाचता आलं पाहिजे. तुझा गायक हॉस्टेलला राहत असेल तर घरचा फोन ठेवल्यावरची दोन मिनिटं त्याला माहीत आहेत, तेवढं पुरे. पेरी सॅम कुक या अमेरिकन सोल गायकाचा मोठा चाहता, ते सोल गायकीचं वळण त्याच्या गाण्यात दिसतं, शब्द ठेक्याच्या किंचित मागे टाकतो, घाई करत नाही. ती नक्कल करायला जाऊ नका पण मागे राहायचं मात्र शिका.

आता तुमचं गाणं का पडतंय. तुम्ही रेकॉर्डिंग टाकलेलं नाही त्यामुळे मी अंदाजाने बोलतोय, आणि यातलं बरंचसं तुमच्या गायकाच्या पट्टीवर आणि ड्रमरच्या हातावर अवलंबून आहे हे आधीच सांगतो. पण माझ्याकडे येणारे दहातले आठ बँड एकाच जागी चुकतात. त्यांना पॉवर बॅलड (संथ सुरू होऊन शेवटी मोठं होणारं रॉक गाणं) म्हणजे नुसती पॉवर वाटते. पहिल्या कडव्यालाच गायक भावना ओततो, कीबोर्डवाला खाली स्ट्रिंग्जचा पॅड म्हणजे व्हायोलिनसारखा लांब भरीव आवाज लावून ठेवतो, दुसऱ्या कडव्याला ड्रमर पूर्ण ताकदीने येतो, गिटारवाला प्रत्येक रिकाम्या जागेत फिलर टाकतो. दोन मिनिटांत सगळं देऊन झालं, आणि गाणं साडेचार मिनिटांचं आहे. मग पुढे लोकांनी कशाची वाट बघायची?

आणि या गाण्यात तर आणखी एक गोष्ट आहे जी तुला कोणी सांगितली नसेल. याला धड कोरस नाही. नेहमीच्या रॉक गाण्यात कडवं जरा कंटाळवाणं झालं तरी कोरस येऊन सावरतो, सगळे एकत्र गातात, परत जीव येतो. इथे तसं काही नाही, कडव्याच्या शेवटी फक्त एक सही येते, 'कायमचा तुझा, फेथफुली' (म्हणजे इमानाने), पत्राखाली करतात तशीच, आणि पुढचं कडवं सुरू. म्हणजे कोरसच्या जिवावर जगणाऱ्या बँडला हे गाणं उभं करता येत नाही. आणि खरा स्फोट कुठे आहे? शब्द संपल्यावर! शेवटची सही झाली की पेरीकडे शब्द उरत नाहीत, तो नुसता 'ओ ओ' करत वर जातो, आपण आलापच म्हणू, आणि शॉनची गिटार त्याला उत्तर देत राहते. सांगण्यासारखं सगळं सांगून झालं, जे सांगता येत नाही ते उरलं, म्हणून गिटार. माझ्यासाठी हे गाणं म्हणजे हीच जागा आहे, आणि आधीची तीन मिनिटं या जागेपर्यंत माणसाला शांतपणे चालवत आणायची असतात.

तुझा गिटारिस्ट म्हणतो 'चारच कॉर्ड आहेत, सोपं आहे'. त्याला अमेरिकन गायक प्रिन्सची गोष्ट सांग. 'पर्पल रेन' १९८४ मध्ये बाहेर येण्याआधी प्रिन्सने स्वतः केनला फोन केला होता, की माझं गाणं तुझ्या 'फेथफुली'च्या फार जवळ जातंय का ते ऐकून सांग. केनने ऐकलं आणि म्हणाला की नुसते तेच चार कॉर्ड आहेत, बाकी काही नाही, तू फोन केलास हेच फार झालं. पेटीच्या पट्टीत सांगायचं तर 'फेथफुली' पांढरी सात, 'पर्पल रेन' काळी पाच, म्हणजे फक्त अर्ध्या स्वराचं अंतर, कॉर्डचं नातं तेच, पण दोन्ही गाणी शेजारी ठेवून ऐक, एक घरी परत जायला निघालेल्या माणसाचं आणि दुसरं निरोपाचं. कॉर्ड सोपे असतात तेव्हा बाकी सगळं अवघड असतं.

पट्टीचं बघून घ्या. मूळ पांढरी सात, बी मेजर. तुमच्या गायकाला शेवटचा वरचा भाग छातीवर ताण न देता जमत नसेल तर सरळ पांढरी सहावर या, ए मेजर, गिटारलाही सोपं पडेल, ए, एफ शार्प मायनर, डी, ई. मी कित्येक गायकांसाठी पांढरी पाचवरही वाजवलंय. पण पहिलं कडवं फार खाली जाणार नाही एवढं बघा, कारण तिथे शब्द ऐकू आले पाहिजेत. मूळ पट्टीचा हट्ट धरून शेवटी किंचाळण्यापेक्षा खाली येणं केव्हाही बरं.

कीबोर्डवर फक्त पियानो. स्ट्रिंग्ज बंद, शेवटच्या भागापर्यंत बंद म्हणजे बंद. सस्टेन पेडल (स्वर लांबवणारं पायाचं पेडल) प्रत्येक कॉर्डला स्वच्छ बदला, नाहीतर सगळं चिकट होतं. डावा हात फार खाली नेऊ नका, बेस आला की दोघांचं भांडण होतं आणि हॉलमध्ये नुसता गडगडाट ऐकू येतो.

लय ही तुमची सगळ्यात मोठी परीक्षा. गाणं मिनिटाला साधारण पासष्ट मात्रांच्या आसपास आहे, म्हणजे भलतंच हळू, आणि हळू वाजवताना प्रत्येक बँड पळतो, कारण दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेची भीती वाटते. आपल्याकडे विलंबितात नवखा तबलजी जसा समेआधी धावतो तसंच. मी मुलांना मेट्रोनोम एकशे तीसला लावायला सांगतो, म्हणजे प्रत्येक मात्रेचे दोन तुकडे कानावर पडतात, आठवडाभर तसं वाजवा, मग पासष्टला आणा, मग बंद करा. रेकॉर्डवरचा ड्रमर स्टीव्ह स्मिथ, मूळचा जॅझवाला, त्याने नंतर कर्नाटकी कोन्नकोल म्हणजे तोंडाने तालाचे बोल म्हणायची पद्धत शिकून घेतली, कर्नाटकी गिटारवादक प्रसन्नाबरोबर, तबल्याच्या झाकीरभाईंबरोबर वाजवलंय. इतकं येणारा माणूस या गाण्यात किती कमी वाजवतो हे तुझ्या ड्रमरला हेडफोन लावून ऐकायला सांग. मी स्वतः बसवतो तेव्हा पहिलं कडवं बिनड्रमचं ठेवतो, दुसऱ्याला स्नेअरच्या कडेवर हलका ठोका, आणि पूर्ण स्नेअर, मोठे सिम्बल हे सगळं शेवटच्या सहीनंतर. कोणी याहून आधी आणतात, तेही चालतं, हॉल मोठा असेल आणि लोक उभे असतील तर कदाचित आणावंच लागेल. पण शेवटी चढायला एक जिना शिल्लक ठेवा.

गिटारवाल्याला माझं एकच सांगणं, तीन मिनिटं जवळजवळ काहीच वाजवू नकोस. जमलं तर लांब धरलेले दोन स्वर, व्हॉल्यूमच्या नॉबने हळू उघडलेले. मग शेवटी गेन (आवाजाचा खरखरीतपणा) कमी ठेव, आवाज वाढव, थोडा डिले (प्रतिध्वनी), आणि गायकाने एक ओळ घेतली की तेवढ्याच लांबीचं उत्तर. त्याच्या अंगावर जायचं नाही. शॉन विशीच्या आत सांतानामध्ये वाजवत होता, वेगात वाजवता येत नाही म्हणून तो इथे सावकाश वाजवतोय असं नाही.

म्हणजे थोडक्यात, पहिलं कडवं बोलल्यासारखं, दुसरं चालल्यासारखं, सहीपर्यंत सगळ्यांनी हात आखडलेले, आणि शब्द संपले की मगच सगळं उघडायचं. या वर्षी एवढंच जमवा, सोलो हुबेहूब झाला नाही तरी चालेल.

अजून एक, तू विचारलं नाहीस पण विचारशील. व्हिडिओ बघायचा का? बघा, सगळ्यांनी एकदा मिळून बघा. अमेरिकन फुटबॉलच्या फिल्म काढणाऱ्या एनएफएल फिल्म्सची माणसं 'फ्रंटियर्स'च्या टूरवर बँडबरोबर फिरत होती, व्हिडिओत ते टूरवरचंच आयुष्य आहे. बस, विमान, रिकामं स्टेडियम, पेरी आरशासमोर मिशी काढतोय. नटलेल्या हिरॉइनी नाहीत की धूर नाही. नुसती कामावर असलेली माणसं.

शेवटाबद्दल. वादळ झालं की एकदम टाळीसाठी थांबू नका. ड्रम काढा, गिटारचा शेवटचा स्वर तसाच विरू द्या, पियानो आणि गळा एवढेच उरले पाहिजेत, आणि सहीतला 'फेथफुली' हा शेवटचा शब्द गायकाने पहिल्या कडव्याच्याच आवाजात म्हणायचा, मोठा करायचा नाही. आमचा मनिलाचा गायक तो शब्द म्हणताना माईकपासून अर्धं पाऊल मागे जायचा. मग माझा शेवटचा कॉर्ड, पेडल दाबलेलं, आणि तो पूर्ण विझेपर्यंत आम्ही कोणीच हलायचो नाही. रिहर्सलचं रेकॉर्डिंग झालं की टाक, मोबाईलवर केलेलं असलं तरी चालेल, ऐकून पट्टीचं आणि ड्रमचं नक्की सांगतो.